शेअर फोल्डर एन्क्रिप्टेड आहे म्हणून केएसएमबीडी चालू ठेवायचं काय?

लेथमास्तर
मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. कॉम्प्युटरचं कामही माझ्याच गळ्यात, कारण दुसरं कोण करणार? ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्राम आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट ठेवायला ऑफिसात एक लिनक्सचा डबा आहे. मालकांच्या भाच्यानं बसवून दिला, आता तो नोकरीला पुण्यात. फोल्डर शेअर करायला त्यानं नेहमीचं सांबा न घालता केएसएमबीडी घातलंय, म्हणजे लिनक्सच्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) आतच बसलेला एसएमबी सर्व्हर; एसएमबी म्हणजे विंडोजवाली फाइल शेअर करायची पद्धत. पळतो बरा, त्याबद्दल तक्रार नाही.

गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये एक रकाना असतो : ‘ड्रॉइंग नेटवर्कवरून एन्क्रिप्ट होऊन जातात काय?’ तिथं ‘होय’ लिहिता यावं म्हणून एसएमबी३चं एन्क्रिप्शन चालू केलेलं आहे.

आता मुद्दा. मे २०२५ मध्ये याच केएसएमबीडीत सुरक्षेचं एक भोक जाहीर झालं, सीव्हीई-२०२५-३७८९९ (सीव्हीई म्हणजे अशा भोकांना दिलेला नोंदणी नंबर). ते वाचल्यापासून मी मालकांच्या मागे लागलोय की हे काढून सांबा घालू. मालक म्हणतात, "एन्क्रिप्टेड आहे की रे, मग कोण काय बघणार?" माझं मत असं की एन्क्रिप्शनचा आणि या भोकाचा संबंधच नाही. पण मालकांना पटेल असं मला सांगता येईना. जाणकारांनी लिहावं. आणि माझंच चुकत असेल तर तेही बिनधास्त लिहा.

निपाणीचा_पानवाला
रुमाल टाकून ठेवतो. विषय डोक्यावरून गेला, पण ‘भाच्यानं बसवून दिला’ इथं रोगाचं निदान झालं.

अनगोळ_विंडोज
लिनक्सवाल्यांना हे सुख हवंच होतं. घ्या आता.

बेंगळूरी_पाहुणा
(मूळ खानापूर तालुका, पोटापाण्याला बेंगळूर.)

मास्तर, तुमचं बरोबर आहे. जरा सविस्तर लिहितो, मालकांना यातलं झेपेल तेवढं सांगा.

एसएमबीत एन्क्रिप्शन आलं ते ३.० आवृत्तीपासून, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२च्या काळात. पण कनेक्शन जोडल्या जोडल्या सगळं कुलूपबंद होत नाही. आधी दोन्ही बाजू कुठली आवृत्ती बोलायची ते ठरवतात. मग लॉगिन होतं. त्या लॉगिनमधून किल्ली तयार होते, आणि तिथून पुढचे पॅकेट एन्क्रिप्ट व्हायला लागतात. म्हणजे सुरुवातीची सगळी बोलाचाली उघड्यावर चालते, आणि ती वाचणारा कोड कुणाही अनोळखी माणसाचं पॅकेट वाचतो. त्या कोडमध्ये भोक असलं तर तुमची एन्क्रिप्शनची (एईएस) किल्ली १२८ बिटची असो की २५६ची, ती अजून जन्मालाच आलेली नसते.

उदाहरण हवं तर सीव्हीई-२०२५-३७७७८ घ्या. तेही केएसएमबीडीतलंच, लॉगिनच्या केर्बेरॉस (ओळख पटवायची एक पद्धत) भागातलं. एन्क्रिप्शनची पाळी यायच्या आधीच घोळ.

तुम्ही वाचलेलं ३७८९९ जरा वेगळं आहे. ते लॉगऑफच्या कोडमध्ये आहे. एसएमबी३मध्ये एकाच सेशनला दोन कनेक्शन जोडता येतात. समजा पहिल्या कनेक्शनवरून लॉगऑफ आलं. कर्नलनं त्या सेशनच्या युजरची मेमरी मोकळी केली. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या कनेक्शनवरचं काम अर्ध्यात आहे आणि ते त्याच युजरच्या पत्त्यावर बघतंय. तिथं आता युजर नाही, दुसरंच काही येऊन बसलंय. हल्लेखोरानं ते ‘दुसरंच काही’ आपल्या मनासारखं बसवलं तर खेळ खलास, कारण हे सगळं कर्नलच्या आत चाललंय. इथं पॅकेट एन्क्रिप्टेड असले तरी फरक पडत नाही. हल्ला करणारा स्वतःच लॉगिन झालेला असतो, किल्ली त्याच्याकडेच असते.

तिसरं, जुनं : सीव्हीई-२०२२-४७९३९. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं, धोक्याचे दहापैकी दहा गुण, लॉगिनचीही गरज नाही. दुरुस्ती मात्र ऑगस्टमध्येच ५.१५.६१ कर्नलमध्ये येऊन गेली होती. म्हणून पहिला प्रश्न : तुमच्या डब्यात कर्नल कुठली आहे? ‘यूनेम -आर’ चालवा. आणि ‘एलएसमॉड’मध्ये केएसएमबीडी दिसतंय काय तेही बघा. (कमांड इंग्रजीत टाइप करा, देवनागरीत केल्यात तर मी जबाबदार नाही.)

निपाणीचा_पानवाला
दहापैकी दहा! आमच्या घराण्यात कुणाला पडले नाहीत.

कोल्हापुरी_सांबा
पाहुण्यांना अनुमोदन. मालकांना सांगायचं तर असं सांगा : कंपनीला आलेली सीलबंद टपालं फाटकावरच्या खोलीत फोडायची की तिजोरीच्या खोलीत नेऊन फोडायची? सील दोन्हीकडे सारखंच पक्कं. आत साप निघाला तर तो कुणाच्या अंगावर येतो, एवढाच फरक.

सांबा कर्नलच्या बाहेर चालतं. प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस. एखाद्या विचित्र पॅकेटनं ती आडवी झाली तर बहुतेक वेळा तेवढीच जाते. केएसएमबीडी आडवं झालं तर अख्खं मशीन जाऊ शकतं, आणि वाईटात वाईट म्हणजे मशीन न जाता दुसऱ्याच्या ताब्यात जातं.

कारखान्यासाठी अजून एक व्यवहाराची गोष्ट. सांबाचा अपडेट आला की सर्व्हिस रिस्टार्ट केली, काम झालं, चहा यायच्या आत. कर्नलचा अपडेट आला की मशीन रीबूट. दुसऱ्या शिफ्टला प्रोग्राम हवे असताना रीबूट कोण करू देणार? म्हणून ते ‘रविवारी करू’वर जातं आणि तिथंच राहतं.

अनगोळ_विंडोज
थांबा, सांबाचा एवढा उदो उदो नको. २०१७ मध्ये सांबात सीव्हीई-२०१७-७४९४ निघालं होतं. लिहायची परवानगी असलेल्या शेअरवर फाइल टाकून सर्व्हरकडून ती चालवून घेता यायची, आणि ३.५.० पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत. २०२२च्या सुरुवातीला अजून एक, सीव्हीई-२०२१-४४१४२, मॅकसाठीच्या मॉड्यूलमधलं, थेट रूटपर्यंत नेणारं. तेव्हा ‘कर्नलच्या बाहेर’ म्हणजे ‘निर्धास्त’ नव्हे.

आणि कर्नलमध्ये एसएमबी ठेवण्याचं पाप एकट्या लिनक्सचं नाही. विंडोजचा सर्व्हरही कर्नलमध्येच आहे, एसआरव्ही२.सिस. मार्च २०२० मध्ये एसएमबीघोस्ट, सीव्हीई-२०२०-०७९६. विंडोज १०च्या १९०३ आणि १९०९ मध्ये कॉम्प्रेशनच्या हेडरचा हिशेब चुकत होता. १२ मार्चला नेहमीचं वेळापत्रक मोडून पॅच काढावा लागला. जग कोरोनात अडकलं होतं म्हणून कुणाच्या लक्षात नाही. त्यालाही दहापैकी दहाच होते, पानवाले.

माझा मुद्दा एवढाच : ४४५ पोर्ट (एसएमबीचं नेटवर्कवरचं दार) बाहेरून दिसतो की नाही आणि पॅच वेळेवर पडतात की नाही, यावर नव्वद टक्के ठरतं.

कोल्हापुरी_सांबा
विंडोजचं उदाहरण देऊन तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. कर्नलमध्ये असल्यावर त्यांनाही जमलं नाही, असंच झालं की हे.

अनगोळ_विंडोज
ह. घ्या. पण सांबाच्या दोन भोकांबद्दल तुम्ही गप्प बसलात, ते लक्षात आलंय.

व्हीटीयू_बॅकलॉग
३७८९९ची खरी मजा सांगायची राहिली. ते शॉन हीलन या संशोधकानं ओपनएआयच्या ओ३ मॉडेलकडून काढून घेतलं. आधी त्यानं स्वतःला माहीत असलेलं केर्बेरॉसचं भोक मॉडेलला सापडतंय काय बघितलं. शंभरदा विचारलं, आठ वेळा सापडलं. मग सुमारे बारा हजार ओळींचा कोड एकदम दिला, तर ते शंभरात एकदाच सापडलं. पण त्याच उत्तरांच्या ढिगात हे लॉगऑफचं नवं भोक निघालं.

शंभरात आठ म्हणजे माझा व्हायवाचा सरासरी स्कोअर. मला मात्र कुणी संशोधक म्हणत नाही.

बेंगळूरी_पाहुणा
बॅकलॉग, त्यातली अजून एक गंमत. केर्बेरॉसच्या भोकावर हीलननं आधी सुचवलेला उपाय होता : मेमरी मोकळी केल्यावर तो पॉइंटर शून्य करायचा. लॉगऑफवरची मॉडेलची उत्तरं वाचताना त्याच्या लक्षात आलं की तेवढ्यानं भागत नाही, कारण दुसरं कनेक्शन मधल्या क्षणी आत घुसू शकतं. म्हणजे प्रोग्रामचे दोन धागे (थ्रेड) एकाच वेळी चालतात तिथं ‘शून्य करून टाकलं’ हा उपाय अर्धवट ठरतो.

केएसएमबीडीच्या सीव्हीईंचे आकडे दाखवून कुणी घाबरवत असेल तर एक लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर देतात आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला देतात. नुसती संख्या बघून काही कळत नाही. कुठलं लॉगिनच्या आधीचं आणि कुठलं नंतरचं, ते बघायचं.

अक्षरजुळणी
मी शहापूरला डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवते. मध्ये बोलते, रागावू नका. आमच्याकडे राउटरच्या यूएसबीला हार्डडिस्क लावून शेअर केलीय. कन्नड आणि मराठी दोन्ही फाइली त्यावरच. बोर्डावर साठ टक्के कन्नडचा कायदा आल्यापासून तर रात्री बारापर्यंत हेच काम. ते ‘कर्नलवालं’ माझ्या राउटरमध्येपण असतं काय? आणि नवीन विंडोज ११च्या मशीनवरून ती डिस्क उघडतच नाही, जुन्यावरून उघडते. हे त्याच भोकामुळे काय?

बेंगळूरी_पाहुणा
ताई, रागावायचं काय त्यात? प्रश्न रास्त आहेत.

पहिला : असू शकतं. सांबा जड पडतं म्हणून छोट्या राउटरसाठी केएसएमबीडी सोयीचं, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये त्याचं पॅकेज आहेच. तुमच्या राउटरमध्ये काय आहे ते कंपनीच्या फर्मवेअरवर अवलंबून. पण दोन गोष्टी आजच करा. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून डिस्क उघडायचा पर्याय असला तर बंद करा, आणि फर्मवेअरचा अपडेट आलाय काय बघा.

दुसरा : भोकाचा संबंध नाही. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी साइनिंग सक्तीचं झालंय आणि प्रोमध्ये पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून आत जाणं बंद केलंय. तुमची डिस्क बहुतेक बिनपासवर्डाची शेअर केलेली असेल. राउटरवर युजर आणि पासवर्ड तयार करा, उघडेल. विंडोजची सेटिंग सैल करायचे उपाय यूट्यूबवर भरपूर सापडतील, ते करू नका.

साइनिंग म्हणजे पॅकेट वाटेत कुणी बदललं नाही याची खात्री. ते वाचता येतं. एन्क्रिप्शन असेल तर वाचताही येत नाही. मालकांच्या ऑडिटला दुसरं लागतं.

अक्षरजुळणी
बिनपासवर्डाचीच होती. उद्या बघते. धन्यवाद हो.

सोसायटीकाका
चिकोडी भागातल्या एका पतसंस्थेतून निवृत्त झालो. नाव सांगत नाही, संचालक मंडळी हयात आहेत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तेव्हाची गोष्ट. त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता हे नंतर कळलं. आमची तीन मशीनं गेली. ठेवींचा हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता म्हणून अब्रू वाचली. पण सभासदांचे अर्ज, सह्यांचे स्कॅन, सगळ्यांवर कुलूप. घुसलं कुठून, तर एका संचालकांना घरी बसून कर्जाची यादी बघायची हौस, म्हणून कुणीतरी राउटरवर ४४५ पोर्ट बाहेर उघडून दिला होता. कुणी दिला ते आजपर्यंत ठरलं नाही. सर्वसाधारण सभेत मात्र दोष आला माझ्यावर आणि इंटरनेटवर, निम्मा निम्मा.

अनगोळवाल्यांचं म्हणणं म्हणून पटतं. लेथमास्तर, बाकी काही करा न करा, आधी ते दार बघा.

निपाणीचा_पानवाला
काका, तुमचा निम्मा दोष इंटरनेटनं घेतला हेच नशीब. आमच्याकडे पूर्ण कारकुनावर जातो.

लेथमास्तर
सगळ्यांचे आभार. आज बघून आलो.

कर्नल ५.१५चीच आहे, पण अपडेट बऱ्यापैकी अलीकडचे. ४४५ बाहेरून बंद आहे, मोबाइलच्या नेटवरून तपासलं. एलएसमॉडमध्ये केएसएमबीडी दिसतंय.

पण खरी भानगड वेगळीच निघाली. शॉपमध्ये एक जुनं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, त्याच्या कंट्रोलरमध्ये विंडोज एक्सपी एम्बेडेड. त्याला फक्त एसएमबी१, म्हणजे एसएमबीची जुनी पहिली आवृत्ती, येतं. आता कर्नलमधल्या केएसएमबीडीत एसएमबी१ नाहीच. मग ते मशीन प्रोग्राम उचलतंय कुठून? वायर पकडत गेलो. टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीच्या) मागे, कुलंटच्या कॅनशेजारी, एक जुना एक्सपीचा पीसी चालू! मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, वर धातूच्या चिप्सचा आणि तेलाचा हा एवढा थर, पंखा घरघरतोय. ऑफिसातली पोरं पेनड्राइव्हनं ड्रॉइंग त्यावर टाकतात आणि व्हीएमसी तिथून उचलतं. एसएमबी१मध्ये एन्क्रिप्शन हा प्रकारच नाही. म्हणजे ज्या ड्रॉइंगसाठी ऑडिटात ‘होय’ लिहितो, तीच शेवटच्या वीस फुटांत उघडी फिरतात, आणि तो पीसी ऑफिसच्याच स्विचवर.

ऑपरेटर म्हणाला, "त्याला हात लावू नका हं, बंद पडला तर परत चालू होत नाही."

अनगोळ_विंडोज
बघा, केएसएमबीडी केएसएमबीडी करत बसलात, खरा धोका चिप्सखाली झाकला होता. हे मशीन वॉनाक्रायच्या वर्षापासून नशिबावर चाललंय.

कोल्हापुरी_सांबा
मास्तर, यावर आमच्याकडच्या शॉपमध्ये केलेला उपाय सांगतो. व्हीएमसीला एक वेगळा छोटा डबा द्यायचा, त्यावर सांबा, एसएमबी१ फक्त तिथंच चालू, आणि शेअर फक्त वाचण्यापुरता. त्या डब्याला दोन नेटवर्क पोर्ट. एकाची वायर फक्त मशीनला, दुसऱ्याची ऑफिसला. ऑफिसकडच्या बाजूनं एसएमबी नाहीच, फायली एसएसएचनं (एन्क्रिप्टेड जोडणीनं) ढकलायच्या. मशीनच्या वायरवर इंटरनेटचं तोंडही दिसता कामा नये. त्या एक्सपीला मग सन्मानानं निवृत्त करा.

बेंगळूरी_पाहुणा
+१. आणि मूळ प्रश्नावर : ऑफिसच्या डब्यावर केएसएमबीडी काढून सांबा घालाच, माझं मत तेच. ५.१५ ही केएसएमबीडी आलेली पहिली आवृत्ती. ‘प्रायोगिक’ हा शिक्का निघाला तो २०२३ मध्ये, ६.६ला. प्रायोगिक म्हणून लिहिलेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगसाठी कशाला वापरायची? तुमच्याकडे दहा-बारा जण वापरणार, वेगात फरक जाणवायचा नाही. एन्क्रिप्शन चालू असताना वेग बहुतेक प्रोसेसरच्या एईएसच्या सोयीवर ठरतो. जुना ॲटम प्रोसेसर असेल तरच रडगाणं.

व्हीटीयू_बॅकलॉग
अवांतर : ५.१५ आलं ३१ ऑक्टोबर २०२१ ला. दुसऱ्या दिवशी बेळगावात अर्धं गाव काळा दिन पाळत होतं, अर्धं राज्योत्सवाच्या मिरवणुकीत होतं. कर्नल अपडेट करायला कुणीही मोकळं नव्हतं.

सोसायटीकाका
उलट तोच दिवस बरा. उद्यमबाग बंद, मशीनं बंद, फोन करणारं कुणी नाही. सर्व्हरचं काम त्या दिवशीच करावं.

मॉडरेटर_मावशी
काळ्या दिनावर स्वतंत्र धागा आहे, तिकडे जा. इथं पुढचा प्रतिसाद त्यावर आला तर उडवणार.

लेथमास्तर
मावशी, विषयावर येतो. मालकांना टपालाचं उदाहरण सांगितलं. ते म्हणाले, "साप कशाला येईल टपालात?" मग टूल क्रिबच्या मागचा पीसी नेऊन दाखवला. ते बघून मात्र गप्प झाले. ऑडिटात ‘होय’च्या खाली तो फोटो लागला तर काय, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. छोट्या डब्याला आणि सांबाला दोन्हीला मंजुरी मिळाली.

सांबा घालून चालू केलंय, शेअरवर एन्क्रिप्शन सक्तीचं. केएसएमबीडीची सर्व्हिस बंद करून मॉड्यूल काळ्या यादीत टाकलं, म्हणजे ते आपोआप लोड व्हायचं नाही. ‘एसएमबीस्टेटस’मध्ये प्रत्येक कनेक्शनपुढे एन्क्रिप्शनचा रकाना येतो, त्याचा प्रिंट ऑडिटच्या फाइलला लावणार आहे.

एकच अडचण. ऑफिसचं झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकायचं, ते आता टाकत नाही.

बेंगळूरी_पाहुणा
जुन्या मशीनला एन्क्रिप्शन येत नसणार. त्याच्यासाठी ड्रॉइंगच्या शेअरची सक्ती सैल करू नका. ‘स्कॅन’ नावाचं वेगळं शेअर करा, वेगळा युजर, बाकी कुठंही प्रवेश नाही. मशीनला एसएमबी२ येत असेल तर तेवढ्यावर भागेल. फक्त एसएमबी१च येत असेल तर स्कॅन ईमेलवर पाठवायचा पर्याय बघा.

अक्षरजुळणी
आमच्या झेरॉक्सला एफटीपीपण आहे, सेटिंगमध्ये खाली कुठंतरी लपलेलं असतं. तेही एन्क्रिप्टेड नसतं ना पण?

बेंगळूरी_पाहुणा
साधं एफटीपी नसतं, ताई. पासवर्डसुद्धा उघडा जातो. दुकानातल्या लग्नपत्रिकांना चालेल, मास्तरांच्या ड्रॉइंगना नाही.

लेथमास्तर
एसएमबी२ येतं त्याला, मेनूत सापडलं. वेगळं शेअर करून चालू झालं. आता व्हीएमसीच्या डब्यासाठी दोन पोर्टवालं काहीतरी स्वस्तातलं बघतोय, कुणाकडे जुनं पडून असेल तर व्यक्तिगत निरोप टाका.